मकरपुऱ्याचं बिनधुराचं मंडळ

देवाशप्पथ सांगतो, पुढे लिहिलेला शब्दन् शब्द खरा आहे. बरं, शब्दन् शब्द नसेल. दोन-चार ठिकाणी मी थोडं तिखट-मीठ लावलं असेल. पण आम्ही चौघांनी सिगरेट सोडली, आणि ती सुटलेलीच राहिली, एवढं छातीठोकपणे सांगतो. आता छाती ठोकली तरी खोकला येत नाही!

ओढत होतो तेव्हा सांगण्यासारखं काही घडायचंच नाही. चार झुरके, दोन शिव्या, ब्रेक संपला. सोडल्यापासून मात्र लेथखाली लोखंडाचा कीस साचावा तसे किस्से साचत चाललेत. वेळच्या वेळी झाडले नाहीत तर पायात येतात.

०

चौघे म्हणजे मकरपुऱ्यातल्या आमच्या गिअरच्या कारखान्यातले. डिस्पॅचचा शिर्के, क्वालिटीचा नाडकर्णी, स्टोअरचे हसमुखभाई आणि परचेसचा मी, मोरे.

सुरुवात शिर्केच्या मुलीपासून झाली. मानसीचं लग्न ठरलं. शिर्के म्हणाला, "बेटा, माग काय हवं ते." ती म्हणाली, "बाबा, पाठवणीच्या वेळी मला तुमच्या गळ्यात पडायचंय. पण धुराच्या नाही, तुमच्या."

दुसऱ्या दिवशी शिर्केने आम्हाला हे सांगितलं. सांगताना त्याच्या हातात सिगरेट होती. याआधी त्याने इतक्यांदा सोडली होती की त्याच्या शब्दावर त्याचाही विश्वास नव्हता. "या वेळी नाही जमलं, तर मी मांडवात तोंड कसं दाखवू?" म्हणाला, आणि डोळे पुसायला लागला.

हसमुखभाईंनी स्वतःची विझवली. "शिर्केभाई, तमे एकला केम छोडशो? धूर तर आमचा पण तुमच्याकडेच येणार ना! चला, बधा साथे, सगळे मिळून!"

झालं. मंडळ स्थापन झालं.

०

पहिला प्रश्न चहाच्या लारीचा, म्हणजे हातगाडीचा. गेटसमोर रमणभाईची लारी. चहा तिथे, सिगरेटही तिथेच. आम्ही जाऊन जाहीर केलं, "रमणभाई, आमचं बंद!"

रमणभाईने चहा गाळता गाळता वरही न बघता म्हटलं, "चार दिवसमां पाछा आवशो, साहेब!"

नाडकर्णी शहाणा. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सरकारी दफ्तर सांभाळलेलं, त्यामुळे धोका आधी दिसतो. म्हणाला, "आपण लारीच बदलू. जिथे ओढायचो तिथे उभंच राहायचं नाही."

शिर्के भडकला. "अरे, माझे पणजोबा गायकवाडी फौजेत होते! आमच्या रक्तात पाठ दाखवणं नाही!" आणि गेला एकटाच लारीवर. दोन घोट चहा घेतला. शेजारच्या कुणीतरी काडी ओढली. शिर्के अर्धा कप तिथेच ठेवून झपझप परत!

"काय रे, माघार?"

"माघार नाही," धापा टाकत शिर्के म्हणाला. "याला फौजेत कूच म्हणतात."

तेव्हापासून आम्ही मागच्या गेटच्या लारीवर जातो.

०

मग लक्षात आलं की एका हातात चहा असतो, पण दुसऱ्या हाताचं काय करायचं? तो आपोआप खिशाकडे जातो. हसमुखभाईंनी स्टोअरच्या भंगारातून प्रत्येकाला एक बोल्ट आणि नट दिला. तलफ आली की नट चढवायचा, उतरवायचा, चढवायचा, उतरवायचा.

काही दिवसांनी नाडकर्णीने आपला बोल्ट परत आणला. हसमुखभाई घाबरले. "शुं थयुं? पाछी चालू करी?"

"छे हो! आटे झिजले. हा रिजेक्ट. दुसरा द्या!"

०

आमचा एक नियम होता, अजूनही आहे. तलफ काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ कुणालातरी फोन करायचा, आणि ज्याला फोन येईल त्याने ती जाईपर्यंत बोलत राहायचं. विषय कुठलाही.

एका सकाळी नाडकर्णीला तलफ आली. त्याने हसमुखभाईंना फोन लावला. हसमुखभाई मंदिरात, समोर आरती चाललेली! आता आरतीत बोलणार कसं? पण नियम तो नियम. त्यांनी फोन सरळ देवासमोर धरला.

नाडकर्णी नंतर म्हणाला, "तलफ पहिल्याच कडव्याला गेली होती रे. पण फोन कसा ठेवू? लाइनवर देव होता!"

०

सगळ्यांत मोठा फायदा मला झाला, आणि तोटाही. नाक परत आलं! एका रविवारी गोत्रीत आमच्या घरी जेवायला बसलो. पहिला घास घेतला आणि म्हणालो, "अगं, डाळ लागलीय की काय? करपल्याचा वास येतोय."

बायकोने वाढता वाढता माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "लग्नापासून करपतेय. आज कळलं?"

हे मी मंडळात सांगितलं, तर शिर्के दोन दिवस घरी जेवायला घाबरत होता!

०

नवरात्रात हसमुखभाई म्हणजे गरब्याचे शहेनशाह. पण दर वर्षी इंटरवल झाला की 'जरा पाणी पिऊन येतो' म्हणून सिगरेटीसाठी मैदानाबाहेर जायचे, ते जोडे घालून घरीच. यंदा बाहेर जायचं कारणच उरलं नव्हतं. ते नाचत राहिले. शिट्ट्या पडल्या, पोरं थकून बसली, हसमुखभाई चालूच! शेवटी गरब्याच्या आयोजकांना त्यांच्यासाठी माइकवरून 'काका, बस' म्हणावं लागलं. (हे जरा जास्त झालं. माइकवरून नाही, जवळ येऊन म्हणाले.)

दुसऱ्या दिवशी हसमुखभाई लंगडत आले, पण चेहरा असा की जणू बक्षीस मिळालंय. "मोरेभाई, मने तो काले खबर पडी, के इंटरवलनंतर पण गरबा होय छे!"

०

गाडी घसरली असती ती एकदाच. लग्न तोंडावर आलेलं. शिर्केचा माल एका पार्टीने परत पाठवला, वरून साहेबांनी सगळ्यांदेखत झापलं. शिर्के दिसेना. आम्ही शोधत गेलो, तर डिस्पॅचच्या मागे खोक्यावर बसलेला, बोटांत एक सिगरेट. पेटवली नव्हती.

"एकच," तो म्हणाला. "फक्त आजचा दिवस. मानसीला काय कळतंय एवढ्याने?"

मी समजुतीचे शब्द शोधत होतो. नाडकर्णीने ती सिगरेट त्याच्या बोटांतून काढून घेतली, चष्मा कपाळावर सरकवून दोन्ही टोकांनी नीट तपासली, आणि म्हणाला, "शिर्के, इतकी वर्षं माल पाठवतोस. सॅम्पल पास केलं की काय करावं लागतं?"

शिर्केने सिगरेटकडे पाहिलं. मग म्हणाला, "अख्खा लॉट घ्यावा लागतो."

"मग?"

शिर्केने हात पुढे केला, सिगरेट घेतली आणि चुरगाळली. "रिजेक्ट," म्हणाला.

०

आणि मग लग्न. हॉल गोत्रीतच. पाठवणीची वेळ झाली, गाडी फुलांनी सजून उभी, मानसी रडायच्या तयारीत, आणि शिर्के गायब!

आम्ही तिघे धावलो. हॉलच्या मागे, जनरेटरपाशी शिर्के उभा, आणि समोर व्याही. इंदूरचे, रुबाबदार, ओठांत पेटलेली सिगरेट. दुसरी त्यांनी शिर्केच्या हातात दिलेली. शिर्केने ती घेतलीही होती! घेणारच. मुलीच्या सासऱ्याने मानाने दिलेली वस्तू मुलीचा बाप परत कशी करणार?

व्याह्यांनी लायटर पेटवून पुढे धरला. हसमुखभाई हनुमानचालिसा पुटपुटायला लागले.

शिर्के वाकला. आणि "फू!" ज्योत विझली.

व्याह्यांना वाटलं, वारा असेल. पुन्हा पेटवला. पुन्हा "फू!"

"व्याहीबुवा," शिर्के हात जोडून म्हणाला, "मानपानात आमचं काही कमी राहिलं?"

"छे छे! उत्तम झालं सगळं."

"मग एक मागतो. मानसीला सासरी माहेरची आठवण यावी. पण या वासाने नको यायला."

व्याह्यांनी ओठांतली सिगरेट काढली, खाली टाकली, बुटाने विझवली. मग खिशातलं अख्खं पाकीट शिर्केच्या हातात ठेवून म्हणाले, "घ्या. हा आमच्याकडून तुम्हाला आहेर!"

पाच मिनिटांनी मानसी बापाच्या गळ्यात पडली. लांब श्वास घेतला. आणि रडता रडता अशी हसली, की फोटोग्राफर कॅमेरा खाली घेऊन बघत राहिला.

आता एक सांगून टाकतो. आहेराचं ते वाक्य माझं. लोक टाळ्या देतात म्हणून घालतो. खरं तर व्याही हॉलच्या नळावर गेले, खळखळून चूळ भरली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. रुमालाने तोंड पुसलं आणि मग सुनेच्या गाडीत जाऊन बसले.