जहाजातलं सरबत

लढाई संपली आणि आमचे हे दोन महिन्यांच्या रजेवर घरी आले. लग्नाला पाच वर्षं झाली होती, पण नवरा म्हणून मला ते जेमतेम महिनाभरच ठाऊक होते. बाकी सगळी पत्रं. हे सोडले तर घरात चौथीपर्यंत शिकलेली मी एकटीच, त्यामुळे ती पत्रं मीच सासऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची. सगळ्यांसमोर वाचली जाणार हे ठाऊक असल्यानं त्यात माझ्यासाठी वेगळं असं काही कधी नसायचं.

आमचं गाव वडूजच्या पलीकडं, माळावरचं. हे आल्यावर पहिले आठ दिवस ओट्यावरून माणसं हलत नव्हती. मिसर देशात काय पाहिलं, तोफा कशा वाजतात, गोरा शिपाई भितो का? हे थोडंच बोलायचे, पण सासऱ्यांची मान ताठ व्हायची. शेजारच्या म्हातारीचा एकुलता एक मुलगा त्याच मुलखात पडला होता. तिनं विचारलं तेव्हा हे म्हणाले, "काकी, मी जवळच हुतो. त्याला तरास झाला न्हाई." म्हातारीनं यांचा हात धरून आपल्या कपाळाला लावला. मी दारात उभी होते. आपला माणूस किती मोठा आहे, असं मला त्या वेळी वाटलं.

मग सांगलीहून यांच्या आत्याचा निरोप आला, सुनेला घेऊन चार दिवस या म्हणून. विट्यावरून सर्व्हिस मोटारीनं गेलो. आत्या हळदीच्या वखारींमागच्या गल्लीत राहायच्या. त्यांच्या दोरीवरचं पांढरं धोतरसुद्धा पिवळसर दिसायचं. मी याआधी पाहिलेलं सगळ्यात मोठं गाव म्हणजे औंध, तेही यमाईच्या दर्शनापुरतं. सांगलीत संध्याकाळी रस्त्यावर विजेचे दिवे लागत, आणि नुसतं हिंडायला म्हणून माणसं घराबाहेर पडत.

त्या उन्हाळ्यात पेठेतल्या थंड पेयांच्या दुकानांत चढाओढ लागली होती. नुसता सोडा विकून भागेना, म्हणून प्रत्येकानं आपलं दुकान सजवलेलं. आत्या आम्हाला आधी काश्मीरात घेऊन गेल्या. भिंतीवर निळे डोंगर काढलेले आणि त्यांच्या शेंड्यांना चिकटवलेला कापूस, तो बर्फ. आत्यांनी बाकावर चढून तो चिमटीत धरून पाहिला. "आगं, ह्यात सरकी तशीच हाय की!" त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. मालक कसनुसा हसला. मी मात्र माझ्या पेल्यातल्या बर्फाकडंच पाहत होते. दगड पाण्यात विरघळतो हे मला उमगत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही एका बागेत बसलो. तिथं वेलींचे मांडव होते, आणि पिंजऱ्यातला पोपट कुणी आलं की "गार, गार" ओरडायचा.

तिसऱ्या दिवशी आत्यांचे गुडघे धरले, म्हणून दुपार कलल्यावर आम्ही दोघंच निघालो. यांनी आदल्या दिवशीच एक पाटी पाहून ठेवली होती.

ते दुकान म्हणजे जहाज होतं. भिंती समुद्रासारख्या रंगवलेल्या, खिडक्या ताटाएवढ्या गोल, कठड्याला जाड दोर. वाढणारे दोघे बापये पांढऱ्या खलाशी टोप्या घालून हिंडत होते. पेयांना बंदरांची नावं दिली होती. मालक पूर्वी आगबोटीवर भटारखान्यात होता, असं त्यानंच येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. हे आत शिरताच थबकले, चारी भिंती पाहून घेतल्या आणि हसले. तसं हसणं मी घरी पाहिलं नव्हतं.

आम्ही 'कोलंबो' मागवलं. तीन रंगांचे तीन थर, अशी त्याची ख्याती. पण मालकानं ओतलं की गुलाब, वाळा आणि लिंबू एकमेकांत मिसळून गढूळ व्हायचं. एक पेला त्यानं टाकून दिला, दुसराही टाकला. यांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. बाकावर बसल्या बसल्या यांची बोटं हलत होती. तिसरा पेला बिघडल्यावर हे उठलेच.

"मालक, साखर जास्त ज्यात, ते तळाला घाला. मग त्याच्याहून पातळ. आन् वरचं चमच्याच्या पाठीवरनं सोडा, हळूच."

"करून दाखवता?"

हे फळीमागं गेले. बाह्या वर सारल्या. तळाला गुलाबाचा दाट पाक, त्यावर वाळ्याचा जरा पातळ केलेला, त्यावर लिंबाचं पाणी. थरांच्या रेघा अशा सरळ, की दोऱ्यानं आखल्या असाव्यात. मग यांनी दोन पितळी पेले मागून घेतले, एकात बर्फ, आलं, कोकम घालून दुसरा वर पालथा दाबला आणि खांद्याशी नेऊन असे हलवले की पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. एक थेंब सांडला नाही.

मालक म्हणाला, "पाव्हणं, हा हात घरातला न्हाई. कुठल्या बारात हुता?"

यांनी माझ्याकडं पाहिलं. पेले खाली ठेवले. "साहेब लोकांच्या मेसात, दारूच्या फळीमागं. तीन वर्षं."

कोकमाचा पेला यांनी माझ्यापुढं आणून ठेवला. इतकं चवीचं काही मी तोवर प्यायले नव्हते, पण अर्धा पेला तसाच ठेवून मी उठले. आम्ही बाहेर पडलो आणि कृष्णेच्या घाटावर जाऊन बसलो. समोर माणसं म्हशी धूत होती.

मी विचारलं, "म्हंजी तुमी लढाईत न्हवता?"

"मुलखात हुतो. लढाईत न्हाई." मग हे सगळं सांगत गेले. तिकडं पोचल्या पोचल्या पाय मोडला, महिनाभर दवाखान्यात काढला. पुढं मेसात लावलं, हात चांगला म्हणून तिथंच ठेवलं. बंदूक चालवली ती शिकताना तेवढीच. साहेबांना करमायचं नाही, म्हणून मेस कधी जहाजासारखी सजवायची, कधी जंगलासारखी. त्यासाठी यांना रजेत कैरो शहरात पाठवायचे, तिथले बार पाहून यायला.

"एक गुहेवानी हुता, आत शिरताना वाकायला लागायचं. एकात जमिनीवर वाळू पसरल्याली. भाईर सगळं वाळवंटच, तरी लोक आत येऊन पैसं देऊन वाळूत बसायची." हे हसले.

"प्यालात?"

"चाखायला लागायचं. अजिबात प्यालो न्हाई, असं म्हणणार न्हाई."

मला राग आला नाही. तीन वर्षं दर मंगळवारी देव्हाऱ्यातल्या यमाईपुढं यांच्या जिवासाठी हात जोडले होते, आणि हे लिंबं पिळत सुखरूप होते. याचं मला बरंच वाटलं, खरं सांगायचं तर. पण म्हातारीचा हात डोळ्यांपुढून जाईना.

"आन् काकीला सांगितलं ते?"

पाण्याकडं बघत हे म्हणाले, "ती माझ्या तोंडाकडं आशेनं बघत हुती. काय सांगू?"

मी म्हटलं, "आता ऱ्हाऊ द्या. तिला बरं वाटलंय."

यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

गावी परतल्यावर यांनी आधी सासऱ्यांना सांगितलं, गोठ्यात, मी धार काढत असताना. सासरे बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "जिता आलास न्हवं," एवढंच बोलले. पण त्यानंतर ओट्यावर लढाईचा विषय निघाला की ते उठून जात. मग हे शेजारी गेले. मी नको नको म्हणत होते. म्हातारीनं सगळं ऐकलं, आत जाऊन दाराला कडी घातली.

ज्वारी निघाली, खळी झाली, तरी ती आमच्याकडं फिरकली नाही. पाण्यावर भेटली की माझ्याशी बोलायची, पण यांचं नाव निघालं की कळशी उचलायची. हे रजा संपल्यावर पलटणीत जाऊन नाव कमी करून आले. मला वाटायचं, खरं बोलून यांनी काय मिळवलं? तिच्याकडचं होतं तेवढंही काढून घेतलं.

थंडीत एकदा ती आपण होऊन आली. लेकीला पत्र लिहायचं होतं, आणि मी घरात असूनही तिनं ते यांना लिहायला सांगितलं. पत्र संपल्यावर तिनं विचारलं, "तुझ्या साहेबांतल्या कुणी माझ्या पोराला बगितलं आसंल का रं?"

"ठावं न्हाई, काकी."

"ठावं न्हाई म्हण. त्ये चालतंय मला," ती म्हणाली, आणि पत्र पदराला बांधून उठली. नंतर ती येत राहिली. पहिल्यासारखी माया नव्हती, पण येणं होतं.

पुढच्या उन्हाळ्याआधी जहाजवाल्या मालकाचा माणूस यांना कामाला बोलवायला आला. "शेतकऱ्याच्या पोरानं लोकांचं उष्टं ग्लास धुवायचं?" असं थोरले दीर म्हणाले. सासरे उठून गोठ्यात गेले. यांनी मला विचारलं. माझं मत विचारण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. मी म्हटलं, "जे येतंय ते करा. मी बी येते." आम्ही सांगलीत सहा वर्षं काढली, आत्यांच्याच गल्लीत. माझी थोरली मुलगी तिथंच जन्मली.