फॅट लागत नाही

आमच्या धाकट्या जावेला अख्खी गल्ली डिग्रीबाई म्हणते. कॉलेजची डिग्री नव्हे, दुधाचा कस मोजतात ती. सात वर्षं ती दूध संकलन केंद्रात मशीनपुढे बसते. लोक रांगेत कॅन घेऊन येतात, ती दूध खालपासून ढवळते, नमुना घेते, मशीनला लावते आणि आकडा वाचते. साडेतीनच्या खाली आकडा आला की मान वर न करता म्हणते, "फॅट लागत नाही. पुढचे." संपलं. साक्षात देव कॅन घेऊन आला तरी त्याला परत पाठवेल ही बाई, आणि वर त्यालाच विचारेल, पाणी किती घातलं म्हणून.

सगळ्यात जास्त वेळा परत गेली असेल ती एका गायीची आजी. म्हणजे जिच्याकडे एकच गाय आहे, ती म्हातारी. आठवड्यातून दोनदा तरी तिचा कॅन आला तसा घरी जायचा. एकदा मी तिथेच उभी होते. आजी म्हणाली, "बाई, शेवटचं दूध मी वासराला सोडते हो. म्हणून कमी लागत असेल तुमच्या मशीनला."

"वासरू काय पितं ते मशीनला दिसत नाही. पुढचे."

मला आजीची कीव आली. पण जावेच्या कामात आपण कशाला नाक खुपसायचं?

मग डिग्रीबाईला मुलगी झाली.

तीन पोरं अंगावर पाजून वाढवलेली बाई मी, बाजूच्याच खोलीत राहते. पण मला विचारेल तर शपथ! तिने पलंगासमोरच्या भिंतीवर घड्याळ टांगलं आणि नियम केला: दर दोन तासांनी पाच मिनिटं डावीकडे, पाच मिनिटं उजवीकडे. पाचवं मिनिट भरलं की पोरगी कितीही रंगात आलेली असो, बोट घालून तोंड सोडवायचं आणि दुसऱ्या बाजूला लावायचं. दोन्ही बाजूंना सारखा न्याय. पोरगी किंचाळायची, ही घड्याळाकडे बघायची. पहिला आठवडा तर बोंडांना चिरा पडल्या होत्या. बाळ तोंड लावायचं तेव्हा ही उशीचा कोपरा दातांत धरायची, डोळ्यांतून पाणी यायचं, पण पाच म्हणजे पाच. मी म्हटलं, "अगं, पिऊ दे की तिला." तर म्हणते, "ताई, प्रत्येक गोष्टीला माप असतं."

बरं बाई. ठेव माप.

अठराव्या दिवशी वजन केलं तर पोरगी जन्माला आली त्यापेक्षा शंभर ग्रॅमने कमीच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किती वेळ पाजता?" डिग्रीबाईने ऐटीत सांगितलं, "दहा मिनिटं. दर दोन तासांनी." आकडा खरा होता. त्यातली पाच-पाचची फोड सांगायची तिला गरजच वाटली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणखी पाच दिवस बघू. वजन चढलं नाही तर वरचं दूध सुरू करावं लागेल."

घरी आल्यावर सासूबाईंनी निकाल लावला. "दूध पातळ आहे हिचं. दुसरं काय!"

सात वर्षं जे वाक्य ही लोकांच्या तोंडावर फेकत आली, ते हिच्याच पदरात येऊन पडलं. मला हसू यायला हवं होतं. पण रात्रीची भांडी आवरून खोलीत डोकावले, तर ही पोरीला छातीशी धरून हुंदके देत होती. "ताई, मला हिला पाजायचंय हो. सगळ्या बायांना जमतं. मला एवढंही जमू नये?" मी पाठीवरून हात फिरवत बसले.

सकाळी उठून बाईसाहेबांनी काय केलं असेल? पाजायला बसायच्या आधी छोट्या बरणीत चार चमचे दूध काढलं, झाकण घट्ट लावलं आणि बरणी माझ्या हातात दिली. "केंद्रात जाऊन लावून आणा. कुणाला सांगू नका."

म्हणजे गाढवपणा तिचा आणि वरात माझी! तरी गेले. तिच्या जागी केंद्राचे सचिव बसले होते. त्यांनी बरणी उजेडात धरून बघितली. "एवढंच? गाय कोणाची?"

"घरचीच आहे," मी म्हटलं. "पहिलटकरीण आहे."

मशीन घरघरलं. सचिव म्हणाले, "एक पॉइंट आठ. वहिनी, परत न्या हे. आणि गायीला जरा पेंड वाढवा."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. वळले तर मागे एका गायीची आजी, कॅन घेऊन उभी. तिने बरणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तुमच्याकडे गाय कधीपासून?" मी चपला ओढत बाहेर पडले.

घरी आकडा सांगितला. डिग्रीबाईने मान वर केली नाही. केंद्रात म्हणते तशीच म्हणाली, "फॅट लागत नाही." मग नवऱ्याला, म्हणजे आमच्या भाऊजींना, म्हणाली, "पावडरचा डबा घेऊन या." ते बिचारे निमूट उठले आणि डबा घेऊन आले. तो फळीवर ठेवला. ती त्याच्याकडे बघत बसली. पाणी उकळायला मीच ठेवलं, आणि मला ते ठेवताना अजिबात बरं वाटत नव्हतं.

तेवढ्यात दारात आजी. हातात रिकामा कॅन.

"बरणी तुझी ना?" आजी थेट पलंगाशी आली. केंद्रात तोंड भरून तुम्ही-तुम्ही करणारी म्हातारी इथे सरळ अगं-तुगंवर. "नमुना कधी काढलास?"

"पाजायच्या आधी," डिग्रीबाई पुटपुटली.

"वरचंवरचं? माझा कॅन तर चांगला तळापासून ढवळून घेतेस! सुरुवातीचं दूध पातळच असतं गं, तहान भागवायला. साय शेवटी उतरते. आणि पाजतेस किती?"

"पाच-पाच मिनिटं."

आजीने कपाळावर हात मारला. "म्हणजे साय यायच्या वेळी ताट ओढून घेतेस लेकराचं! अगं, मी माझ्या वासराला शेवटचं सोडते, म्हणून माझं दूध तुझ्या मशीनला लागत नाही. मशीन खोटं नाही बाई. पण माझं वासरू बघ येऊन कधी."

नमुना ढवळून घ्यायचा, हा पहिला धडा. केंद्रात नव्या माणसांना तो डिग्रीबाईच शिकवते.

मी खुर्चीवर चढून घड्याळ उतरवलं. गॅसही बंद केला. ताई म्हणून एवढा हक्क आहे मला.

पोरीला डावीकडे लावलं. पाच मिनिटं गेली असतील, दहा गेली असतील. मध्ये पोरगी थांबली तेव्हा डिग्रीबाईचं बोट सवयीने पुढे आलं. आजीने ते बोट हलकेच बाजूला केलं. पोरगी पुन्हा लागली, आता सावकाश, मोठमोठे घोट घेत. घुटूक घुटूक आवाज खोलीभर ऐकू येत होता. मग तिची आवळलेली मूठ उघडली आणि तिने आपणहून तोंड सोडलं. हनुवटीवर दुधाचा ओघळ. अठरा दिवसांत पहिल्यांदा ती न रडता झोपली. रडली ती तिची आई.

"शेवटचंही मशीनला लावून आणू का?" मी चिडवलं.

"नको," ती म्हणाली. "ते तिचं आहे."

पाचव्या दिवशी वजन दीडशे ग्रॅमनी चढलं. फळीवरचा डबा सासूबाईंनी न उघडताच माघारी पाठवला आणि वर म्हणाल्या, "मी म्हणतच होते, दूध चांगलं आहे हिचं."

सहा महिन्यांनी डिग्रीबाई कामावर गेली. पहिल्याच सकाळी रांगेत आजी. दूध ढवळलं, नमुना घेतला, मशीनला लावला. तीन पॉइंट एक. तुम्हाला वाटेल, बाईने डोळेझाक केली असेल. छे! मशीनपुढे ती बापाला ओळखत नाही. "फॅट लागत नाही," म्हणाली. पण मान वर करून म्हणाली, आणि पुढच्याला हाक न मारता विचारलं, "वासरू कसं आहे, आजी?"

तेव्हापासून आजीचा परत गेलेला प्रत्येक कॅन आमच्या घरी येतो. सासूबाई चहा फुंकत कुरकुरतात, "कुठलं हे दूध? पातळ आहे अगदी."

डिग्रीबाई पोरीला घेऊन कोपऱ्यात बसलेली असते. भिंतीवर घड्याळाचा नुसता खिळा आहे.

"असू दे, आई," ती म्हणते. "वासरू पितंय."