बोटीवर नेलेली ओटी

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय आणि दर वेळी बायकोला म्हणत आलोय, "याला रात्रीचं जेवण पचलं नसणार." भास, संकेत, कुणीतरी हाक मारली... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. फौजेत गाड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात उमर गेली. इंजिनातून आवाज आला की त्याला कारण असतं, आणि कारण सापडलं की आवाज थांबतो, एवढंच मला ठाऊक. तरी आज लिहायला बसलोय. हसायचं त्यांनी खुशाल हसावं, मीही इतकी वर्षं हसलोच की.

आम्ही पलूसजवळ मुलगा-सुनेसोबत राहतो. मी आणि माझी पत्नी शालन. दोघंही सत्तरी ओलांडलेले आणि दोघंही चाकाच्या खुर्चीवर. मणक्याच्या दुखण्यात तिच्या पायांतली ताकद गेली, आणि माझा डावा पाय शुगरनं गुडघ्याखाली नेला. तिची खुर्ची बॅटरीवरची, माझी हातानं चाकं फिरवायची. त्यामुळे ती कायम पुढं आणि मी मागं धापा टाकत. लग्नात सात फेरे घेताना मी पुढं होतो, त्याचा ती आता वचपा काढते.

शालनचं माहेर पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यात. म्हणजे होतं. ती लहान असताना धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. भावकी पांगली, आईवडील आमच्या लग्नाआधीच वारले, पाठीला भाऊ नव्हता. दिवाळीला आमच्या घरच्या सगळ्या सुना माहेरी जायच्या तेव्हा ही एकटी फराळाचे डबे लावत बसायची. कुणी माहेर कुठलं विचारलं की म्हणायची, "पाण्यात." आणि हसायची. ते हसणं मला कधी बघवलं नाही.

एक गोष्ट मात्र ती पुन्हा पुन्हा सांगायची. गावातली बहुतेक घरं हलली होती, पण हिच्या आईनं शेवटपर्यंत घर सोडलं नव्हतं. एका सकाळी पाणी उंबऱ्याला लागलं. बाकीचे भांडीकुंडी उचलत होते. आईनं हळदकुंकू काढलं, खण काढला आणि पुढच्या पेरणीसाठी राखलेली वरी ओंजळीत घेतली. आपण उपासाला भगर खातो, तीच ही वरी, फक्त टरफलासकट. शेतच राहणार नव्हतं, तर बियाणं ठेवायचं कुणासाठी? उंबऱ्यात बसून तिनं त्या पाण्याची ओटी भरली. शेजारीण म्हणाली, घर बुडवायला आलीय तिची कसली ओटी भरतेस? त्यावर आई म्हणाली, "दारात आल्याली बाई हाय. रिकाम्या वटीनं कशी लावून द्यायची?"

काय बाई असेल! फौजेत मी धीराची माणसं पुष्कळ बघितली, पण न बघितलेल्या या सासूबाईंपुढे मी मनातल्या मनात किती वेळा सॅल्यूट ठोकलाय ते मलाच माहीत.

आपल्याकडे रीत आहे... जिची ओटी भरतात ती बाई त्यातले चिमूटभर दाणे भरणारीला परत देते. तुझंही घर भरलेलं राहू दे, असा त्याचा अर्थ. पाण्यानं काही परत दिलं नाही. घर गेलं, जमीन गेली, त्याबद्दल आई कधी बोलली नाही म्हणे. पण दाण्यांचं शेवटपर्यंत बोलत राहिली. "माघारी दिलं न्हाईत तिनं. म्हंजी माझी वटी तिला पावली न्हाई." आईची ही खंत शालनकडे आली आणि पन्नास वर्षं आमच्या घरात राहिली.

मागच्या वर्षी आमच्या मुलीनं क्रूझचा बेत काढला. मुंबईहून कोचीला आणि परत. मी नको म्हणत होतो. दोन खुर्च्या, तीन धड नसलेले पाय, आणि खाली अथांग पाणी! शालननं एवढंच विचारलं, बोट कुठल्या समुद्रात जाते? अरबी म्हटल्यावर ती म्हणाली, "मग मला जायचं हाय." चूक माझीच. कधीतरी मीच तिला नकाशावर दाखवलं होतं की कोयनेचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला नेतात, वीज करून ते वाशिष्ठी नदीत सोडतात आणि दाभोळच्या खाडीतून ते अरबी समुद्राला मिळतं. बाईसाहेबांनी ते बरोबर ध्यानात ठेवलेलं. आईच्या उंबऱ्याला लागलेलं पाणी तिथं गेलंय, तर मी त्याची ओटी भरून येणार, असं तिनं जाहीर केलं.

सुनेनं हिरव्या खणात तांदूळ, हळकुंड आणि सुपारी घातली. तांदूळ सांगलीच्या दुकानातला, पाकिटातला, माझ्यासमोर चाळून निवडलेला. खणाला गाठ मी मारली, फौजेत ताडपत्रीला मारायचो ती. ती गाठ आमच्या घरात माझ्याशिवाय कुणाला सुटत नाही.

बोटीबद्दल लिहायचं तर कौतुकच लिहावं लागेल. आमच्या खोलीला उंबरा नव्हता. बाथरूममध्ये धरायला दांड्या, भिंतीला घडी घालून ठेवलेलं बसायचं फळकूट, लिफ्टची बटणं आमच्या हाताच्या उंचीवर. घरी आम्हाला देवघरापर्यंत जायला दोन माणसं लागतात आणि इथं शालन एकटी, पदर खोचून, सगळी बोट हिंडायची. पहिल्या संध्याकाळी मी तिला शोधत डेकवर गेलो, तर ही टोकाला, तोंडावर वारा घेत. मला म्हणाली, "आवं, आपून लय उशीर केला यायला." खरं सांगतो, इतकी देखणी मला ती लग्नातही दिसली नव्हती.

परतीचा शेवटचा दिवस सगळा समुद्रातच होता. खोलीतल्या टीव्हीवर बोट नकाशात कुठं आहे ते दिसायचं. चहाच्या वेळेला मी बघितलं, दाभोळ आमच्या उजव्या हाताला आलं होतं. आम्ही त्या बाजूच्या डेकवर गेलो. किनारा दिसत नव्हता, नुसतं पाणी. शालननं मांडीवर खण घेतला. तेवढ्यात बोटीवरची एक अधिकारी बाई आली आणि फार नम्रपणे म्हणाली की समुद्रात काहीही टाकायला बंदी आहे.

मला वाटलं, आता ही रडणार. एवढी पन्नास वर्षांची आस, आणि हातभर अंतरावर येऊन अडली. मी हुज्जत घालायच्या तयारीत होतो. पण शालननंच मला गप्प केलं. बाईचं बरोबर आहे, माशांच्या पोटात खण जाईल, म्हणाली. मग बांधलेला खण ओंजळीत धरून कठड्यासमोर केला आणि हळू आवाजात बोलली, "कोयनामाय, तुजी वटी जिनं भरल्याली, त्या बाईची मी लेक. हितनं टाकू देत न्हाईत. मनानं घे."

आणि मला वास आला. खारा नव्हे. पुराच्या गढूळ पाण्याचा, ओल्या मातीचा. कृष्णाकाठच्या माणसाला तो वास ओळखायला शिकवावा लागत नाही... भर समुद्रात, आभाळ कोरडं असताना! मी इकडंतिकडं बघितलं. बोटीच्या पाण्याची कुठली तरी टाकी उघडली असेल, असं मनाशी ठरवून टाकलं. शालन म्हणाली, "आवं, खण जड झालाय." हात भरून आले असतील, असं म्हणून मी तो तिच्याकडून घेतला आणि माझ्या जाकिटाच्या चेनच्या खिशात ठेवला. घरी येईपर्यंत तो तिथंच होता.

घरी आल्यावर त्या तांदळाची खीर करायची ठरली. गाठ जशीच्या तशी होती, मीच सोडवली. तांदूळ होते, हळकुंड होतं, सुपारी होती. आणि तांदळाच्या मधोमध, कुणी चिमटीनं ठेवावी तशी, वरी होती. टरफलासकट. कुठं मिसळलेली नाही, विखुरलेली नाही. चिमूटभर.

शालननं ते दाणे तळहातावर घेतले. मग म्हणाली, "दिलं गं आई, माघारी दिलं तिनं." आणि रडली. माहेरासाठी ती रडलेली मी पहिल्यांदा बघितली. मलाही आवरलं नाही, खोटं कशाला सांगू.

मग मी माझ्या स्वभावावर गेलो. त्याच पाकिटातला उरलेला तांदूळ परातीत पसरून बघितला, वरीचा एक दाणा नाही. घरात भगर होती, पण दुकानातली, टरफल काढलेली, पांढरी. आमच्या उसाच्या पट्ट्यात वरी कोण लावतो? सुनेला विचारलं, मुलीला विचारलं, दोघींनी मलाच वेड्यात काढलं. कारण सापडलं नाही. अजूनही नाही. इंजिन असतं तर उघडून बघितलं असतं.

शालननं ते दाणे दाराजवळच्या उताराशेजारी एका जुन्या डब्यात पेरले. उगवले. रोज सकाळी ती खुर्ची त्या डब्यापाशी नेते आणि हातानं पाणी शिंपडते.

परवा शेजारी नवी सून आली. रीतीप्रमाणे तिनं विचारलं, काकू, तुमचं माहेर कुठलं? मी पेपर खाली घेतला. नेहमीचं उत्तर मला पाठ होतं. शालन डब्यातली माती सारखी करत होती. वर न बघता म्हणाली, "लांब हाय गं. बोटीनं जावं लागतंय."