वसंतभाऊंची वाकडी थाळी

वसंतभाऊ गेल्याचा फोन दुकानात आला, तेव्हा मी एका बाईंना परकरासाठी पॉपलीन फाडून देत होतो. पलीकडून निर्मलावहिनी होत्या. "भाऊजी, गेले हो हे. सकाळी चहा मांगतला, अन् मी चहा घेऊन येतवरी..."  मी रिसीव्हर ठेवला आणि पॉपलीन वीतभर जास्त फाडलं. त्या बाई म्हणाल्या, "भाऊ, एवढं नोको होतं." मी म्हटलं, असू द्या. चाळीस वर्षांच्या धंद्यात माझा हात एवढा चुकल्याचं मला आठवत नाही. आज त्याला पाच आठवडे झाले, म्हणून थोडं हसत लिहिता येईल असं वाटतं. रडत लिहिलेलं वसंतभाऊंना चाललंही नसतं.

आमच्या सिंदी रेल्वेच्या एका जिनिंग कारखान्यात वसंतभाऊ कापसाचे ग्रेडर होते. गाडीतला कापूस मुठीत घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांनी ओढून धागा किती लांब आहे ते पाहायचं आणि प्रत सांगायची, हे त्यांचं काम. त्यामुळे पांढऱ्या रंगाच्या बाबतीत हा माणूस भलताच चिकित्सक झाला होता. आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी दुकानाला चुना मारून घेतला की हे उंबऱ्यात उभे राहून सांगणार, "शेटजी, हा पहिल्या वेच्याचा पांढरा नाई, शेवटच्या वेच्याचा हाये." पहिल्या वेचणीचा कापूस सगळ्यांत पांढरा, शेवटचा मळकट. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठे, म्हणून मी 'भाऊ' म्हणायचो. मी साधा कापडवाला, पण लहानपणापासून गल्ल्यावर बसलो म्हणून ते मला 'शेटजी' म्हणायचे. त्यात आदर किती आणि टिंगल किती, हे मी कधी मोजलं नाही.

त्या काळी गावात रेकॉर्डप्लेअर असलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी. त्यातलं एक भाऊंचं. पगाराचा मोठा भाग रेकॉर्डींत जायचा आणि वहिनी कपाळाला हात लावायच्या. त्या सगळ्यांत त्यांची लाडकी होती सनईची एक मोठी रेकॉर्ड. माझं लग्न ठरलं, मुलगी समुद्रपूरची कुसुम, लग्न ऐन मे महिन्यात. तेव्हा भाऊंना कारखान्याच्या कामाने बाहेरगावी जावं लागणार होतं. त्यांनी प्लेअर आणि ती रेकॉर्ड माझ्या हातात ठेवली. "मी नाई येऊ शकत, पण माही सनई येईन. जपून नेजो." लग्नात सनई अशी वाजली की सासरेबुवा डोळे पुसत होते. परतताना वऱ्हाडाच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. रेकॉर्डवर कोणी बसेल, कोणाचं पोर पाय देईल, म्हणून मी, खुद्द नवरदेव, मुंडावळ्या सावरत बसच्या टपावर चढलो आणि रेकॉर्ड माझ्या हाताने बिछान्याच्या वळकटीवर बांधली. मे महिना, दुपारचे दोन, आमच्याकडचं ऊन. समुद्रपूरहून सिंदीला पोचेपर्यंत रेकॉर्डचा पापड झाला होता. कड चारी बाजूंनी वर आलेली, मधे खळगे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घाबरून मी ती आठ दिवस दुकानातल्या लट्ठ्याच्या, म्हणजे जाड पांढऱ्या कापडाच्या ठाणांखाली दाबून ठेवली. सरळ तर झाली नाहीच, एक नवीन पोक मात्र आला. शेवटी भाऊ घरी नाहीत असं पाहून कव्हरात सरकवली, प्लेअरसकट वहिनींकडे दिली आणि पळालो. त्यानंतर भाऊंनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पुढे त्यांचा प्लेअर बिघडला, कॅसेटी आल्या, रेकॉर्डींची पेटी माळ्यावर गेली. मी देवाचे आभार मानले. तरी इतकी वर्षं भाऊंनी सहज "काय शेटजी?" म्हटलं तरी मी गडबडीने मीटर काढून कापड मोजू लागायचो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

नव्वदच्या दशकाच्या मध्याला माझी कुसुम गेली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. एवढंच सांगतो की मी घर ते गल्ला आणि गल्ला ते घर एवढाच उरलो. मुलगा म्हणाला पुण्याला चला, नाही गेलो. सेवाग्रामला नातेवाइकाचं लग्न, तिथेही नाही गेलो. त्याच वर्षी भाऊ रिटायर झाले. एक दिवस शिडी धरायला म्हणून त्यांनी मला ओढत नेलं आणि माळ्यावरून ती पेटी काढली.  प्लेअर नागपूरहून दुरुस्त होऊन आला होता. एकेक रेकॉर्ड निघत होती, भाऊ फडक्याने पुसत होते आणि शेवटी सनईचं ते कव्हर निघालं... भाऊंनी ते उलटं करून झटकलं. रिकामं!

"आतली कुठी गेली बापा?" भाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

मेलेला माणूस जिवंत व्हावा तसा मी झालो. कोणी तरी ती भंगारात टाकली असेल, असा माझा अंदाज. कबूल करून टाकायला तेव्हाच हवं होतं. पण तोंडून निघालं ते भलतंच. "मिळेल भाऊ दुसरी. कबाड्याकडे, जुन्या भंगारात असतात अशा."

"मंग चाल शोधाले," भाऊ म्हणाले. "येत्या रविवारी नागपूर."

"दुकान..."

"दुकानाले काय पाय हायेत का पळून जाचे?"

नाही कसं म्हणणार? गुन्हा माझा होता. अशी आमची भटकंती सुरू झाली आणि ती दहा वर्षं चालली. आधी नागपूरचा रविवारचा जुना बाजार, मग अमरावती, अकोला, बऱ्हाणपूर, इंदूर, जबलपूर. एकदा हैदराबाद. एसटीचा चार दिवसांचा पास काढायचा, पोळ्या आणि ठेचा बांधून घ्यायचा आणि जिथे रेकॉर्डी मिळतात असं कोणी म्हणेल तिथे जायचं. पण शोधायचं कोणी? मी! भाऊ कबाड्याच्या समोर एखाद्या पालथ्या डब्यावर बैठक मारायचे, झोळीतून कागद आणि शाळेतल्या पोरांची रंगाची पेटी काढायचे आणि चित्र काढत बसायचे. रिटायर झाल्यावर त्यांना हा नवा छंद लागला होता. पहिलं चित्र त्यांनी गाईचं काढलं, शेजारच्यांनी ते चहाची किटली म्हणून नावाजलं, तरी ते डगमगले नाहीत. मी धुळीने काळा होऊन ढिगारे उपसतोय आणि हे झाडाला हिरवा लावतायत. मी चिडायचो. "भाऊ, रेकॉर्ड तुमची की माझी?" त्यावर ते ब्रश न थांबवता म्हणायचे, "लगन कोनाचं होतं? तुह्यं. मंग शोध." त्यांच्या प्रत्येक चित्रात एका कोपऱ्यात पांढऱ्या सदऱ्यातला एक वाकलेला माणूस असतो. पाठमोरा. चेहरा काढता येत नव्हता म्हणून पाठमोरा, असं ते सांगायचे.

रंग कालवायला त्यांच्याकडे एक मोठी पांढरी थाळी होती. वेडीवाकडी, कडा उचललेल्या, वर ऑइलपेंटचे चार-सहा हात. मला ती जुनी प्लॅस्टिकची परात वाटायची. दहा वर्षांत किती स्टँडांच्या नळांवर मी ती धुतली असेल याला हिशेब नाही. एकदा बऱ्हाणपूरला ती झोळीत मावेना, तेव्हा मी वैतागून म्हटलं, "फेका ना भाऊ ही वाकडी थाळी, चांगली सपाट घेऊन देतो." भाऊ खो खो हसले. "सपाट थाळीत रंग वाहून जाते, शेटजी. वाकडी हाये म्हणून तं कामाची हाये." एवढं हसण्यासारखं त्यात काय होतं, ते मला समजलं नाही.

आणि एक गंमत सांगायलाच हवी. चौथ्या की पाचव्या वर्षी जबलपूरला, एका म्हाताऱ्या कबाड्याच्या पेटाऱ्यात मला ती मिळाली! तीच रेकॉर्ड, तेच लेबल, तोच निळा रंग. मी रस्त्यातच ओरडलो. भाऊंनी ब्रश ठेवला, चष्मा लावला, रेकॉर्ड उन्हाकडे धरून अंगठ्याने कापूस पारखावा तशी पारखली आणि परत केली. "हे थे नाई."

"भाऊ, अहो हीच! मी ओळखतो."

"मी ग्रेडर हाव का तू? हे थे नाई. चाल, मार्बल रॉक पाहू, आता आलो हाओत तं." मी इतका खट्टू झालो की नावेतही त्यांच्याकडे पाठ करून बसलो. पण नर्मदेच्या त्या पांढऱ्या कड्यांकडे पाहत भाऊ जेव्हा गंभीरपणे म्हणाले, "याले म्हनते पहिल्या वेच्याचा पांढरा," तेव्हा मला हसू फुटलंच. आणि मग आठवलं की कुसुम गेल्यानंतर मी असा मोकळा हसलोच नव्हतो.

शेवटची भेट सावंगीच्या दवाखान्यात झाली, घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी. भाऊ बारीक झाले होते, पण नर्सबाईंना त्यांच्या गणवेशाची प्रत सांगून झाली होती. मी मनाशी ठरवूनच गेलो होतो. स्टूल ओढलं, म्हटलं, "भाऊ, त्या सनईच्या रेकॉर्डबद्दल मला तुम्हाला काही..." त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "भेटली का?"

"नाही, पण..."

"मंग शोधत राह्यजो. मी नसलो तरी जात जाजो. काऊन रडून राह्यला बे? मी का आजच चाललो का?" आणि विषय बदलून ते संत्र्याच्या फोडी मोजू लागले. माझी कबुली राहूनच गेली. सव्वीस जानेवारीच्या भाषणासारखी पाठ केलेली होती, तीही वाया गेली. चार दिवसांनी तो फोन आला.

तेराव्यानंतर वहिनींनी बोलावलं. "भाऊजी, तुमाले त्यायची काई आठवन पाहिजे का?" मी म्हटलं, चित्रं मुलांना ठेवा, मला ती रंगाची थाळी द्या. वहिनी आत गेल्या आणि थाळी आणून माझ्या मांडीवर ठेवली. वर गालात हसतायत! मी थाळी उलटली. एका कडेला पेंटाचा पोपडा निघाला होता आणि खालून काळं दिसत होतं. मी नखाने आणखी खरवडलं. बारीक बारीक गोल रेषा... मधोमध मेणाने बुजवलेलं भोक. भोवती निळ्या लेबलाचा चतकोर तुकडा.

मी वर पाहिलं. "वहिनी, हे..."

"तुमचा लग्नाचा पापड," वहिनी म्हणाल्या. "तुमी देऊन पळाले ना, त्याच्याच दुसऱ्या दिवशी हे गावावरून आले अन् उघडून पाह्यली. तुमी लट्ठ्याखाली दाबली होती ना? त्याचे दोरे चिकटून होते तिले. हे पोट धरधरून हासले. मले म्हने, नवा नवरदेव हाये, त्याले काई म्हनजो नोको." मग म्हणाल्या, "मंग कुसुम गेली, तुमी दुकानातून हालूनच नाई राह्यले होते. तवा ह्यायनं रेकॉर्ड काढून घेतली, कव्हर खाली ठेवलं अन् तुमाले शिडी धराले बलावलं. म्हने, लाजेकाजेनं तरी येईन. नाई म्हननार नाई."

म्हणजे दहा वर्षं मी जी शोधत फिरलो, ती माझ्याच हातात होती. तिच्यावरचे रंग मीच धूत होतो. त्या घरात बसून मी रडलो, हे लपवण्यात अर्थ नाही. आणि रडता रडता हसलोही, कारण जबलपूरचं ते 'हे थे नाई' मला आत्ता कुठे उमगलं होतं.

थाळी आता माझ्या गल्ल्याच्या मागे, ठाणांच्या वरच्या फळीवर आहे. दाबून ठेवलेली नाही, मोकळी. पुण्याहून आलेला मुलगा विचारत होता की तिच्यावरचा रंग काढून बघायचा का. मी नको म्हटलं. गेल्या रविवारी मुलाला गल्ल्यावर बसवलं आणि एकटाच नागपूरच्या बाजारात गेलो. ओळखीच्या कबाड्याने लांबूनच हात केला, पोतडीतून काढून एक रेकॉर्ड पुढे धरली. निळं लेबल, सनई, सपाट, एक ओरखडा नाही. म्हणाला, "लो सेठजी, मिल गई आपकी. दस साल से पूछ रहे थे." मी चष्मा लावला. रेकॉर्ड उन्हाकडे धरली, अंगठ्याने कड चाचपली आणि त्याला परत दिली.

"ये वो नहीं है, भैया," मी म्हटलं. "अगले इतवार फिर आता हूँ."