चित्रातलं डाळिंब

आमच्या घरात लिंबू-मिरची फक्त स्वयंपाकाला लागते. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. जे दिसतं आणि मोजता येतं तेवढंच मानणारा. तरीही हे लिहितोय...

रावेतला सहाव्या मजल्यावर आमचा फ्लॅट. मुलगी ओवी दोन वर्षांची झाली तेव्हा पिंपरीतल्या एका पेंटरकाकांकडून तिचं आणि माझ्या बायकोचं — स्मिताचं — ऑइल पेंटिंग करून घेतलं. आम्ही दिलेल्या फोटोत ओवीचा हात रिकामा होता. काकांनी चित्रात तिच्या हातात उकललेलं डाळिंब रंगवलं. म्हणाले, "आई-लेकराच्या चित्रात फळ असावं. दाणे म्हणजे भरलेली कूस." माझ्या आईला ते फारच आवडलं, कारण स्मिताला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. तिसरा महिना.

चित्र लावून महिना झाला आणि हॉलमध्ये वास यायला लागला. गोडसर, कुजका... उंदीर मेल्यावर येतो तसा. सोफा हलवला, एसी उघडला. काही नाही. गुरुवारी, कंपनीच्या साप्ताहिक सुट्टीच्या सकाळी, आई म्हणाली, "अरे, चिलटं कुठे बसलीत बघ."

सगळी त्या डाळिंबावर. दाणे काळे पडले होते. मी बोट लावलं — रंग कधीच वाळलेला, तरी बोट आत रुतलं. चिकट, कोमट. तीनदा साबण लावला, तरी घास तोंडाजवळ नेताच बोटाला तोच वास.

फोन केल्यावर काका आले. दारातच नाकाला रुमाल लावला. डाळिंब बघून हळूच म्हणाले, "सर, रंग असा होत नाही. घरात कोणी पोटुशी आहे का?"

"काका, फालतू बोलू नका," मी म्हणालो.

स्मिता आतून आली. "मला तर कसलाच वास येत नाहीये. फक्त कालपासून अंगात कणकण आहे."

आईने त्याच दुपारी तिला सोनोग्राफीला नेलं. बाळाचे ठोके थांबून दोन आठवडे झाले होते. आत इन्फेक्शन सुरू झालं होतं. "अजून दोन दिवस गेले असते तर अवघड होतं," डॉक्टर म्हणाल्या.

स्मिता वाचली. चित्र काका घेऊन गेले. त्याचं काय केलं, मी विचारलं नाही. बुरशी, खराब रंग, योगायोग — सगळा विचार करून झाला.

एक गोष्ट मात्र आजवर कुणाला सांगितली नाही. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर स्मिता माझ्या खांद्यावर डोकं टेकायला जवळ आली, आणि मी नकळत श्वास रोखून धरला. तिला ते कळलं. ती बाजूला सरकली.