दर शनिवारची फळांची पिशवी

तोंडावर सगळ्या तिला ताई म्हणायच्या आणि पार्लरच्या पायऱ्या उतरल्या की मिरची. तिला हे ठाऊक होतं. दोन खुर्च्या, डोकं धुवायचं एक बेसिन आणि कोपऱ्यात फळांची टोपली, एवढंच तिचं राज्य होतं. पण त्या राज्यात खुर्चीवर बसलेल्या बाईची धडगत नसे. कात्री उचलण्याआधी ती केसांची मूठ धरून अंगठ्यानं आणि बोटानं जाडी बघायची, मग आरशातून बाईच्या डोळ्यांत बघून विचारायची, “फळं खाता का?”

बायका खोटं बोलायच्या. तिला ते टाळूवरून कळायचं म्हणे.

“सरबत प्यायलं म्हणजे फळ खाल्लं असं नसतं! नवऱ्याला डब्यात सफरचंद चिरून देता ना? पोरांना देता ना? मग स्वतःच्या तोंडाला काय कुलूप लावलंय? वरून तेल थापून थापून केस जाड होत नाहीत, बाई. पोटात काहीतरी जावं लागतं.” मग टोपलीतला एक पेरू गिऱ्हाइकाच्या हातात कोंबायची आणि तो संपेपर्यंत कात्री चालवायची नाही. काही जणी चिडून परत येईनाशा झाल्या. बऱ्याचशा मात्र येत राहिल्या, कारण तिचा राग बहुतेक वेळा बरोबर असायचा.

बुधवारी पार्लर बंद असे. त्या दिवशी महिन्यातून एकदा तिची लेक केस धुवून घ्यायला यायची. लेक पंचविशी ओलांडलेली, लग्नाला दोन वर्षं झालेली. माहेरी असताना तिची वेणी मनगटाएवढी होती. त्या बुधवारी मिरचीनं ओल्या केसांतून कंगवा फिरवला आणि कंगव्यात पुंजकाच आला. पुन्हा फिरवला, पुन्हा आला. भांगाच्या दोन्ही बाजूंना टाळू दिसत होती.

“हे काय आहे?” तिनं पुंजका लेकीच्या नाकासमोर धरला.

“गळतायत थोडे.”

“थोडे? हे थोडे? माझ्यासमोर बसून मला सांगतेस?”

दुसऱ्याच दिवशी तिनं लेकीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्तात लोह फार कमी निघालं. गोळ्या रोज घ्यायच्या, जेवण पोटभर करायचं आणि जेवणाबरोबर संत्रं नाहीतर पेरू खायचा, म्हणजे लोह अंगी लागतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. केस भरून यायला वेळ लागेल, पण येतील, असंही म्हणाल्या. मिरचीची छाती अभिमानानं फुगली. वीस वर्षं ती दुसरं काय सांगत होती?

तेव्हापासून दर शनिवारी फळांची पिशवी लेकीच्या घरी जाऊ लागली. संत्री, पेरू, पपई, डाळिंब. जावयाचा घरी जायचा रस्ता पार्लरवरूनच होता, तो पिशवी उचलून न्यायचा. “तिच्यासाठी आहेत,” ती दर वेळी बजावायची, आणि तो दर वेळी मान हलवायचा. लेकीला फोनवर विचारलं की ती म्हणायची, “मिळाली पिशवी, आई.”

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. आकडा जेमतेम हलला होता. “गोळ्या घेतेय ना? फळं खातेय ना?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. “गोळ्या घेते,” एवढंच म्हणून लेक खाली बघत राहिली, आणि पाणी कुठं मुरतंय ते मिरचीला तिथल्या तिथे कळलं. निदान तिला तसं वाटलं.

रविवारी दुपारी, न कळवता, ती लेकीच्या सासरी जाऊन थडकली. जेवणं नुकतीच उरकली होती. टेबलाभोवती सासरे, दीर आणि जावई बसले होते, आणि तिघांसमोर तीन बशा होत्या. बशीत पपईच्या फोडी, सोललेलं संत्रं, डाळिंबाचे दाणे. तिच्या पिशवीतलं डाळिंब! लेक ओट्याशी उभी राहून पेरू चिरत होती, आणि तिची बशी कुठेच नव्हती. मिरचीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“वा! छान चाललंय!” ती दारातूनच कडाडली. “माझ्या पोरीच्या डोक्यावर केस राहिले नाहीत, आणि तिच्या वाटणीचं तुम्ही तिघं बसून हादडताय? लाज नाही वाटत?”

दिराच्या हातातला चमचा तसाच राहिला. जावई उठला. “आई, तुम्ही आधी बसा तरी…”

“बसते कसली! दर शनिवारी तोंडानं सांगते तुम्हाला, तिच्यासाठी आहेत, तिच्यासाठी आहेत. कान कुठं ठेवून येता?”

विहीणबाई आतून हात पुसत आल्या. त्याही काही लोण्याच्या नव्हत्या. “आवाज खाली करा. तुमच्या लेकीला आम्ही उपाशी ठेवत नाही. रोज सांगते मी तिला, खा गं म्हणून. लग्न होऊन आली त्याच दिवशी म्हणाली, मला फळं आवडत नाहीत. आता काय तोंड उघडून कोंबू?”

“खोटं!” मिरची लेकीकडे वळली. “सांग ना यांना! आवडत नाहीत, असं म्हणालीस तू?”

लेकीनं सुरी खाली ठेवली.

“तूच म्हणायचीस.”

“मी?”

“दादाची छाती भरायची तेव्हा. घरात एक संत्रं यायचं, ते त्याला. पाहुणे विचारायचे, आणि हिला? तू म्हणायचीस, हिला फळं आवडतच नाहीत. मी चार वर्षांची होते, आई. मग सोलून द्यायचं काम माझ्याकडे आलं. दादा बरा झाला, तरी ते माझ्याकडेच राहिलं.”

मिरचीला आठवलं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं. पाहुण्यांसमोर लाज वाटू नये म्हणून एकदा बोललेली गोष्ट, मग दुसऱ्यांदा, मग सवयीनं. इतक्यांदा की तिचं तिलाच खरं वाटायला लागलं. गावच्या बायकांच्या घशात पेरू कोंबले आणि पोटच्या पोरीला विचारलं नाही. तिला स्वतःचीच मनस्वी चीड आली, पण स्वतःवर कसं ओरडायचं ते तिला येत नव्हतं. तिनं बशीतलं संत्रं उचललं आणि लेकीसमोर धरलं. “खा. आत्ता. माझ्यासमोर सगळं खा.”

“नाही!”

लेक ओरडली. त्या घरात तिचा आवाज एवढा चढलेला कुणी ऐकला नव्हता. “तेव्हाही तूच ठरवलंस, आताही तूच ठरवतेयस! मला आवडतात की नाही, ते मलाच माहीत नाही. कुणी कळूच दिलं नाही!”

सासऱ्यांनी आपली बशी हळूच पुढे सरकवली. मिरची संत्रं टेबलावर ठेवून आल्या पावली परत गेली.

पुढच्या शनिवारी पिशवी गेली नाही. मिरचीनं लेकीला बाजारात बोलावून घेतलं आणि फळवाल्याच्या गाडीसमोर उभं केलं. “तू घे. मी बोलणार नाही.”

लेकीनं पेरू उचलला, वास घेऊन ठेवला. पपई दाबून बघितली. एका फळावर बोट ठेवून विचारलं, “हे गोड असतं का?” मग दुसऱ्यावर. फळवाल्यानं एक फोड कापून दिली, ती तिनं चावून चावून खाल्ली आणि नको म्हणून मान हलवली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मागे गिऱ्हाइकं खोळंबली. मिरची ओठ घट्ट मिटून उभी होती.

“अहो बाई, काय ते एकदा ठरवा ना,” फळवाला वैतागला. “किती वेळ?”

मग मात्र मिरचीचं तोंड सुटलं. “थांब म्हटलं ना! पंचवीस वर्षं थांबलीये ती, तुला पाच मिनिटं थांबवत नाही?”