चेनकप्पीवर अक्का

लग्न होऊन एरंडोलला आले तेव्हापासून मी आमच्या ह्यांच्या गॅरेजमध्ये ट्रॅक्टरची इंजिनं हवेत लटकलेली बघत आले आहे. बघत आले म्हणजे काय, त्यांना वळसा घालून जात आले. दुपारी डबा न्यायचा, 'जेवून घ्या, माझं धुणं पडलंय' म्हणून दोन शब्द सुनवायचे आणि परत फिरायचं. एवढं लोखंड वर गेलं कसं आणि तिथे राहिलं कसं, हा प्रश्न मला कधी पडला नाही. रोज दिसतं त्याच्याकडे कोण बघतं? नवऱ्याकडे तरी कुठे बघतो आपण.

मग अक्कांना लकवा मारला.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. उंचीने ह्यांच्याएवढ्या, हाडापेराने भक्कम आणि तोंडाने त्याहून भक्कम. उन्हाळ्यात एका सकाळी ओट्यावर बसल्या बसल्या डाव्या अंगावर कलंडल्या. जळगावच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला, बोलणंही हळूहळू परत आलं, पण डावा हात आणि डावा पाय काही आला नाही. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, रोज उठवून बसवा, पडून राहिल्या तर पाठीला जखमा होतील. म्हणायला काय जातं? डॉक्टरांनी अक्कांना उचलून थोडंच बघितलं होतं.

मी जामनेरची. आमच्या माहेरी सगळे बुटके. अक्का उभ्या असताना माझं डोकं त्यांच्या खांद्याला लागायचं. सकाळी गॅरेज उघडायच्या आधी हे हातभार लावायचे, पण अंघोळ, लुगडं बदलणं, बाकीचं सगळं माझ्याकडे. स्वतःच्या मुलाला त्या वेळी अक्का खोलीत थांबू देत नसत. मी काखेत हात घालून ओढायची, त्या उजव्या पायाने रेटा द्यायच्या आणि अर्ध्यातच दोघींचा दम संपायचा. एकदा तर पलंग आणि खुर्चीच्या मधे आम्ही दोघी फरशीवर बसलो, अक्का माझ्या मांडीवर. मला उठता येईना, त्यांना उठता येईना. मी ओरडून ह्यांना बोलावलं. ह्यांनी गल्लीतल्या तिघांना आणलं. चौघं चार बाजूंना वाकले मात्र, अक्कांनी असा आवाज लावला की बाहेरची कुत्री भुंकायला लागली.

"हात नका लावू! चार जन उचलतस ते मढाले. मी आजून जित्ती शे!"

माणसं बिचारी मागे सरली. एकाने तर चपला विसरूनच घर गाठलं. शेवटी ह्यांनी वरून ओढलं, मी खालून ढकललं आणि कसंबसं त्यांना पलंगावर घेतलं. त्या दिवशी माझी कंबर जी धरली ती धरलीच.

त्यानंतर अक्कांचं जेवण कमी व्हायला लागलं. आधी अर्धी भाकर, मग चतकोर. पाणी तर मागेचनात. मला वाटलं उन्हामुळे असेल, मग वाटलं औषधांमुळे असेल. त्यांना आवडते म्हणून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर केली, वांगी भाजून भरीत केलं. दोन घास खाऊन ताट सरकवलं. गालफडं आत गेली, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. पुन्हा जळगावला दाखवलं तेव्हा डॉक्टर ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले, आजाराने नाही, पण अशा न खाण्याने त्या जातील. घरी आल्यावर मी संतापले. ताट त्यांच्यापुढे आपटलं आणि विचारलं, मी चुलीपाशी जळते ते कुणासाठी? का खात नाही तुम्ही?

अक्कांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणाल्या, "खादं तं वजन वाढस, बाई. वजन वाढनं तं तुनी कंबर जाई. थोडी हलकी व्हऊ दे माले."

ज्या बाईने जन्मात कुणाचं ऐकलं नाही, ती माझ्या कंबरेसाठी उपाशी राहत होती. कमी खाल्लं की कमी वेळा उठवावं लागतं, तोही विचार त्यांनी केलेला असणार. मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून रडले. मग डोळे पुसून डबा भरला, कारण गॅरेजमधला माणूस अजून जेवायचा होता.

त्या दुपारी हे एका ट्रॅक्टरचं इंजिन उतरवत होते. एका हाताने मोबाइल कानाला लावलेला, कुठल्या तरी गिऱ्हाईकाशी हसून बोलणं चाललेलं, आणि दुसऱ्या हाताने सहज साखळी ओढत होते. वर आढ्याला टांगलेली चेनकप्पी टिकटिक करत होती आणि ते अवाढव्य इंजिन बोटाबोटाने वर सरकत होतं. बोलता बोलता ह्यांनी साखळी सोडून दिली आणि डोकं खाजवलं. मी मागे सरले. पण इंजिन होतं तिथेच थांबलं. जराही खाली आलं नाही.

डबा हातात धरून मी तशीच उभी. इतक्या वर्षांत ते मी पहिल्यांदा बघत होते. आमच्या घरात चार माणसं हवी असतात ते काम हा माणूस फोनवर बोलत करतोय!

"ते पडत कसं नाही?" मी विचारलं.

ह्यांना आधी कळेना मी कशाबद्दल बोलतेय. मग बायको गॅरेजमधलं काहीतरी विचारतेय म्हटल्यावर स्वारी खुलली. म्हणाले, आत लहान-मोठी दातेरी चाकं असतात. तू हातभर साखळी ओढलीस की वजन इतकंसं वर येतं, आणि त्यांनी बोटाचं पेर दाखवलं. ओढायचं जास्त, पण जोर लागतो अगदी थोडा. आणि टिकटिक वाजतो तो खटका. तो चाकाला उलटं फिरू देत नाही.

"आणि खटका मोडला तर?"

"नुस्ता खटका नही ना. ब्रेक शे आत. वजन खाले याले बघस ना, तोच जोर ब्रेकले आवळस. जितलं जड, तितलं घट्ट."

हे मला दोनदा समजावून घ्यावं लागलं. ओझं खाली यायला धडपडतं, आणि त्या धडपडीनेच ते जागच्या जागी धरलं जातं. उतरवायचं असेल तर दुसऱ्या बाजूची साखळी ओढायची, मग जेवढी ओढली तेवढंच खाली येतं. हात थांबला की तेही थांबतं. ह्यांनी मला ते करूनही दाखवलं. एवढं मोठं इंजिन लाकडी ओंडक्यावर टेकलं तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. मी आपल्या हाताने साखळी ओढून पाहिली. विहिरीतून अर्धी बादली काढायला लागतो तेवढासुद्धा जोर लागत नव्हता. कुण्या डोकेबाज माणसाने हे पहिल्यांदा शोधलं असेल त्याचे पाय धरावेत असं मला वाटलं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

मग मी विचारलं, "अक्कांना उचलेल का?"

हे हसले. मग हसायचे थांबले. मग न जेवताच टेप घेऊन घरी आले आणि खोलीची मापं घ्यायला लागले.

कप्पी टांगायची एक लोखंडी चौकट गॅरेजमध्ये होती, पण ती घराच्या दारातून आत येईना, म्हणून ह्यांनी लोखंडी पाइप आणून खोलीतच वेल्डिंग केलं. ठिणग्या उडू नयेत म्हणून अक्कांना पुढच्या खोलीत नेलं होतं. तिथून त्यांचं सगळं चालू होतं, घर जाळशी का, भिंत पाडशी का. पलंग आणि खुर्ची दोन्ही तिच्या पायांमध्ये बसतील अशी ती चौकट झाली, आणि वर कप्पी इकडून तिकडे सरकायला चाकं लावलेली. आता ती खोलीतून बाहेर काढायची म्हणजे कापूनच काढावी लागेल. हे काम झाल्यावर ह्यांच्या लक्षात आलं. मी नुसतं बघितलं.

झोळी मी शिवली. जाड ताडपत्री, आत मऊ गोधडी, आणि खालून गॅरेजमधले ओझी उचलायचे रुंद पट्टे. पाठीला टेका, मांड्यांखाली दोन पदर, आणि अंग आवळलं जाऊ नये म्हणून वर आडवा पाइप. आधी झोळीत गव्हाची पोती घालून बघितली. मग हे स्वतः बसले. मी साखळी ओढली आणि माझा नवरा पाय हलवत वर वर जायला लागला. नवऱ्याला बोटावर नाचवणं मी आजवर नुसतं ऐकून होते! अधांतरी असताना त्यांचा फोन वाजला आणि त्याच वेळी माझं दूध उतू जायला आलं. मी साखळी सोडून आत निघून गेले. परत आले तेव्हा ते तिथेच, तस्सेच लटकत गिऱ्हाईकाशी बोलत होते. तेव्हा माझी खात्री पटली.

अक्कांची काही पटेना. "मी काय ट्रॅक्टरनं इंजन शे का?" इथून सुरुवात. मग म्हणाल्या, नवं यंत्र घरात आलं तर पूजा नको का? मी कप्पीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मग म्हणाल्या, आज अमावास्या आहे. नव्हती. मी कॅलेंडर आणून दाखवलं. तेव्हा कुठे त्यांनी झोळी अंगाखाली घालू दिली. मला दिसत होतं की त्यांना भीती वाटतेय. त्यांचा उजवा हात पलंगाची कड सोडत नव्हता.

ह्यांनी साखळी ओढायला सुरुवात केली ती इंजिनाच्या सवयीने, भराभर. अक्का पलंगावरून सुटल्या, झोळी अर्धी फिरली आणि त्यांचा पाय खुर्चीला लागला.

"खाले उतार! खाले उतार माले!"

हे घाबरले आणि साखळी सोडून त्यांना धरायला धावले. मी पलीकडून धावले. पण आम्ही पोचायच्या आत, काहीतरी धरायला म्हणून चाचपडणाऱ्या अक्कांच्या उजव्या हाताला समोर लोंबणारी साखळी लागली. त्यांनी ती घट्ट पकडून खाली खेचली. अक्का इंचभर खाली आल्या आणि थांबल्या.

त्यांनी हाताकडे बघितलं. पुन्हा खेचली. पुन्हा जरा खाली.

"थांबा," त्या म्हणाल्या. आम्ही दोघं हात पुढे केलेले, तसेच थांबलो.

अक्कांनी ती साखळी सोडली. मी डोळे मिटणार होते, पण काहीच झालं नाही. त्या हवेत शांत बसल्या होत्या. मग त्यांनी साखळीची दुसरी बाजू धरली आणि ओढली. टिक टिक. हात सोडला, वरची साखळी धरली, ओढली. टिक टिक. एका हाताच्या माणसाला साखळी पुन्हा धरायची तर आधी सोडावी लागते, आणि सोडली की इतर कशावरूनही माणूस खाली आदळला असता. इथे त्यांचं स्वतःचं वजनच त्यांना धरून होतं. चार माणसांना जे अंग त्यांनी शिवू दिलं नव्हतं, ते त्यांच्या एका हाताने उचललं जात होतं. कुणाचाही हात न लागता अक्का वर चालल्या होत्या. मी आयुष्यात देवळं पाहिलीत, धरणं पाहिलीत, पण त्या खोलीत माझ्या अंगावर आला तसा काटा कधी आला नाही.

माझ्या डोक्याच्या वर गेल्यावर त्या थांबल्या. कितीतरी दिवसांनी त्या मला वरून बघत होत्या.

"हाई मनं आयकस वं!" त्या म्हणाल्या. ते यंत्र खरंच त्यांचं ऐकत होतं. लकव्याने वाकडं झालेलं तोंड हसताना आणखी वाकडं झालं होतं, आणि हे भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते.

मी झोळी खुर्चीवर सरकवली. उतरल्या त्या स्वतःच्या हाताने, हळूहळू, खुर्ची कुरकुरलीसुद्धा नाही. बसल्यावर त्यांनी मान वर करून कप्पीकडे नीट पाहिलं.

"रे भाऊ," त्यांनी मुलाला विचारलं, "मी जाडी व्हयनू तं हाई तुटई का?"

"एक टननी शे, अक्का. तुन्यासारख्या धा टांग तरी काई व्हत नही."

"मंग हाईले सूननी कंबर बी लागत नही आन् तुनी बी नही," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "उभी काय ऱ्हायनी, बाई? भाकर टाक. आख्खी टाक."

मी आत जाऊन पीठ मळायला घेतलं. भाकर धड गोल होईना. तवा तापेपर्यंत मागच्या खोलीतून टिकटिक ऐकू यायला लागली. अक्का पुन्हा वर चालल्या होत्या.